बिब्ब्याची खूण

कारकून विचारतो : नाव?
पुंजी. वरठीण. घाट नाग नदीचा, शुक्रवारीच्या खालचा.
सरकारचं काय काम केलंस?
बोरूच्या टोकाला शाई थांबलेली.
इनामाची यादी चालू आहे,
माझ्यामागे एक कान गेलेला हरकारा उभा.

काय काम केलं?

दोन भाऊ, एक गादी,
आणि दोघांची धुणी एकाच पाण्यात.
लढायला निघालेला माणूसही अंगरखा धुवायला टाकतो
हे कुणाच्या तरी डोक्यात आलं,
तेव्हा रात्री माझ्या दारात एक जण आला
जोडे हातात घेऊन.
थोरल्याच्या तळाचं धुणं तुझ्याकडे ना? मोज.
म्हटलं, मला विसापर्यंतच येतं.
तो म्हणाला, मग विसाविसाने मोज.

कपडा बोलतो, बाप्पा.
बाहीत दारूची काळी भुकटी म्हणजे तोफखाना.
मांडीशी घोड्याचा घाम.
मेणाचा थेंब म्हणजे रात्रभर कुणी कागद लिहून राहिलं होतं.
गळ्याशी हळद म्हणजे
नुकतं लग्न झालेलं पोट्टं.
हळदीचं मी कधी सांगितलं नाही,
ते कुणाच्या कामाचं नव्हतं.
कोपऱ्यात बिब्ब्याने माझी खूण :
कुणाला तीन ठिपके, कुणाला विळा,
झिंगर गोलंदाजाला कोंबडीचा पाय.
तोच म्हणाला होता, हसत,
मला कोंबडीचा पाय काढ.

समोरच्या घाटावर ठमी.
तिच्याकडे धाकट्याचं धुणं.
तिच्या दारातही कुणी जोडे हातात घेऊन आलं होतं,
हे मला कळलं ती आपटायची त्यावरून :
आपटताना ओठ हलत होते.
माझेही हलत होते.

दुपारी मधल्या खडकावर दोघींनी भाकर सोडली.
तिने मला मिरचीचा ठेचा दिला.
तुझे किती?
तुझे किती?
मग बराच वेळ नुसतं पाणी.
शेवटी ती म्हणाली,
माझे मी सात विसा वाढवून सांगते.
मी म्हटलं, मी दहा.

त्या दिवसापासून नदीकाठी
जन्माला न आलेली माणसं उतरू लागली.
छत्तीसगडाकडून तीनशे पठाण आले,
सगळे माझ्या डोक्यातून.
ठमीने तर हत्तींच्या झुली धुतल्या,
हत्ती नसताना.
दोन्ही तळांवर मशाली वाढल्या,
पाऊल कुणी पुढे टाकेना.
एकवीस दिवस.
एकवीस दिवस गोंडिणी बोरांच्या पाट्या घेऊन
दोन्हीकडे विकून आल्या.

बाविसाव्या दिवशी कुण्या शहाण्याने
चुली मोजल्या.
चुलींचं आम्हाला सुचलंच नव्हतं,
दोघी बाया असून.

उमरेडच्या वाटेवर दुपारच्या आत आटोपलं.
गादीला एकच धनी उरला.
संध्याकाळी धुणं आलं नाही.
तिसऱ्या दिवशी आलं, गाडीने.
मी काही आपटलं नाही. हाताने चोळलं.
रक्त थंड पाण्यात निघतं, ऊन पाण्यात बसून जातं,
हे कुठल्या बाईला शिकवावं लागत नाही.
बिब्बा कशानेच निघत नाही.
कोंबडीचा पाय सापडला,
तीन बोटांचा. चौथ्याच्या जागी भोक.

ठमी खडकावर आली नाही.
तिच्या घाटावर आता दुसरीच कुणी आपटते,
ओठ मिटून.

बाई, काम काय केलंस?
धुणं, मी म्हणते.
आणि खबर?
सांगायची. मोजणी चुकली, मालक.
मला विसापर्यंतच येतं.
हरकारा मागे हसतो.
कारकून रेघ ओढतो, पुढचं नाव हाकारतो.

घरी गाठोड्यात अंगरखे आहेत,
न्यायला कुणी न आलेले.
एक वीस, वर दोन.
काल पुन्हा मोजले.